एका पंगतीचा हिशेब

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत दरवर्षी खजिनदाराचे एक पान असते. त्यात जमा-खर्च असतो, देणगीदारांचे आभार असतात आणि शेवटी 'लोभ आहेच, तो वाढावा' असते. यंदा मात्र मला जमा-खर्चात न बसणारा एक हिशेब मांडायचा आहे, आणि त्यासाठी थोडे इतिहासात जावे लागणार आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

गेल्या वर्षी आपल्या लेझीम पथकातील मुलांसाठी आपण स्नेहभोजन ठेवले होते. नवीन ढोल, लेझीम आणि मुलांचे पोशाख यांसाठी निधी हवा होता. कूपन माणशी ४०० रुपये. १८० पाने उठली, ७२,००० रुपये जमले. केटररचे ताटामागे २५० प्रमाणे ४५,००० आणि मांडव-भांड्यांचे ९,००० वजा जाता १८,००० रुपये उरले. श्रीखंड-पुरी उत्तम झाली होती, मसालेभाताची वाहवा झाली. मी खुशीत होतो.

पंगत चालू असताना पथकातला एक मुलगा हातात वरणाची बादली घेऊन फिरताना दिसला. त्याचे वडील करोलबागेत गलाईचे काम करतात. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडची ही मंडळी. दुष्काळी भागातून बाहेर पडून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलेली. मी त्याला म्हटले, "अरे, तू बस की आता. आई-बाबा कुठे आहेत?" तो हसला. म्हणाला, "काका, आमी वाडायला आलोय. जेवायचं बघू मागनं."

घरी आल्यावर मी कूपनांची वही उघडली. पथकात कारागिरांच्या घरची नऊ मुले आहेत. त्या नऊ घरांतून एकही कूपन गेले नव्हते. पाच माणसांच्या घराला दोन हजार रुपये पडणार होते. नाही म्हणायचा संकोच नको म्हणून त्यांनी मुलांना वाढायला पाठवले होते. ज्यांच्यासाठी भोजन होते, त्यांतलेच काही जण पंगतीबाहेर राहिले. कोणी मुद्दाम केले नाही. ते दराने केले.

तेव्हापासून हा विषय डोक्यात राहिला. आपल्या माणसांनी तरुण मुलांसाठी अन्न आणि पैसा पूर्वी कसा उभा केला, हे पाहू लागलो.

जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. अनेक कर्तबगार माणसे या अन्नावर शिकली, हे खरेच. पण हे वार प्रामुख्याने ब्राह्मण मुलांनाच मिळत. इतर समाजांतील मुलांसाठी ती दारे उघडी नव्हती. ही उणीव ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला.

कोल्हापुरातच शिकलेल्या भाऊराव पाटलांनी त्यापुढचे पाऊल टाकले. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहत, एकत्र स्वयंपाक करत, एकत्र जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असे नामकरण झाले. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही मोडले. तिथे मुले कष्ट करून शिकत, आणि अन्न मिळवणाराच ते शिजवणारा, वाढणारा आणि जेवणाराही असे.

पैशाच्या बाबतीत आठवतो तो पैसा फंड. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना साधी होती: प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. एक पैसा देण्यात कोणाला कमीपणा नव्हता, कारण श्रीमंताकडूनही मागणी एका पैशाचीच होती.

आणि तिसरे नाव 'निर्भीड'कार अनंत हरी गद्रे यांचे. १९४०च्या दशकात त्यांनी झुणका-भाकर सत्यनारायण सुरू केले. पूजेला दलित दांपत्य बसे आणि प्रसाद म्हणून सर्वांनी एकत्र बसून झुणका-भाकर खायची. आचार्य अत्र्यांनी त्यांना 'समतानंद' म्हटले. शिऱ्याऐवजी झुणका-भाकर का, हा प्रश्न मला पूर्वी पडत असे. आता वहीसमोर बसल्यावर मला त्याचे एक उत्तर सापडले. जे अन्न सर्वांच्या घरी शिजते आणि सर्वांना परवडते, त्याच्या पंगतीत पाहुणा आणि यजमान असा भेद उरत नाही.

आपल्या दिल्लीत तर हे शिकायला ग्रंथालयात जायची गरज नाही. बंगला साहिब गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलेल्या माणसाला कोणी दर विचारत नाही. ज्याला द्यायचे तो गोलकीत टाकतो, ज्याला जमते तो पोळ्या लाटतो.

सांगायचे तात्पर्य, यंदाच्या स्नेहभोजनासाठी मी समितीपुढे एक प्रस्ताव ठेवला आहे. कूपन बंद. दाराशी बंद पेटी; ज्याने त्याने इच्छेप्रमाणे पाकीट टाकावे, नाव लिहू नये. जेवण झुणका-भाकर, ठेचा, कांदा आणि ताक. २०० माणसांना दोन-दोन धरून ४०० भाकऱ्या, म्हणजे सुमारे ४० किलो पीठ आणि १० किलो बेसन. ज्वारीपेक्षा इकडे बाजरीचे पीठ सहज मिळते, तेव्हा बाजरीच चालेल. चाळीस घरांनी दहा-दहा भाकऱ्या आणाव्यात. कारागिरांच्या घरच्या वहिनींना उत्तम येतात म्हणून सगळ्या त्यांनीच थापायच्या, असे होऊ नये. ज्यांना येत नाहीत त्यांनी शिकाव्यात, पुरुषांनीसुद्धा. वाढप आळीपाळीने, म्हणजे वाढणारा प्रत्येक जण वेळेवर पानावर बसेल. पेटी मुलांनी उघडावी, हिशेब मुलांनीच मांडावा आणि आरतीनंतर वाचून दाखवावा.

"निधी कमी पडेल," असे काहींचे म्हणणे आहे. खजिनदार म्हणून उत्तर देतो. माणशी ६० रुपये धरले तर जेवणाचा खर्च १२,०००, मांडव-भांडी ९,०००, एकूण २१,०००. पेटीत माणशी सरासरी २०० रुपये पडले तरी १९,००० उरतात, गेल्या वर्षीपेक्षा हजार जास्त. सरासरी तेवढी आली नाही, तर ढोल एखादा कमी येईल. ती जबाबदारी माझी.

असो. १८९३ नंतर पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव वाढला, तेव्हा त्यात रंग भरला तो तरुणांच्या मेळ्यांनी. आपल्याकडे ते काम लेझीम पथक करते. मिरवणुकीत ती सगळी मुले एका रांगेत नाचतात. जेवतानाही ती एका रांगेत दिसावीत, एवढीच बाप्पाच्या चरणी प्रार्थना. त्या दिवशी वरणाची बादली मी धरणार आहे, आणि तो मुलगा आई-वडिलांसह पहिल्या पंगतीत बसणार आहे.

गणपती बाप्पा मोरया!