कॅन्सस करकपात प्रयोग

कॅन्सस करकपात प्रयोग या नावाने अमेरिकेतील कॅन्सस राज्याने २०१२ मध्ये केलेली आयकरातील कपात आणि २०१७ मध्ये ती मागे घेतली जाईपर्यंतचे तिचे परिणाम ओळखले जातात. रिपब्लिकन पक्षाचे गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी जून २०१२ मध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत आपल्या धोरणाचा उल्लेख प्रत्यक्ष प्रयोग असा केला आणि तेच नाव रूढ झाले. धनिकांवरील कर घटवल्याने सरकारी तूट व सार्वजनिक आरोग्यसेवा यांचे काय होते, या वादात या प्रकरणाचा दाखला वारंवार दिला जातो.

कायद्यातील तरतुदी

मे २०१२ मध्ये मंजूर झालेला कायदा १ जानेवारी २०१३ पासून अमलात आला. आयकराचे तीन टप्पे दोनवर आणले गेले व सर्वोच्च दर ६.४५ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर उतरला. मात्र खरी मोठी सूट दुसरीकडे होती. भागीदारी संस्था, मर्यादित दायित्व कंपन्या, एकल मालकीचे व्यवसाय आणि शेती यांच्या मालकांना व्यवसायातून मिळणाऱ्या नफ्यावरील राज्य आयकर पूर्णपणे माफ झाला. पगारावरील कर कायम राहिला. त्यामुळे तेच उत्पन्न पगाराऐवजी नफा म्हणून दाखवणे फायद्याचे ठरले. या सवलतीचा लाभ सुमारे १ लाख ९१ हजार व्यवसायांना होईल असा अंदाज होता, प्रत्यक्षात ही संख्या ३ लाख ३० हजारांच्या घरात गेली.

त्याच कायद्याने अल्प उत्पन्न गटाला अन्नधान्यावरील विक्रीकरापोटी मिळणारा परतावा बंद केला. परिणामी सर्वांत गरीब पाचव्या हिश्शातील कुटुंबांवरील करभार वाढला, असे इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी या संस्थेचे विश्लेषण होते. अर्थतज्ज्ञ आर्थर लॅफर हे या योजनेचे सशुल्क सल्लागार होते. दर कमी केल्यास आर्थिक व्यवहार वाढून महसुलाची बरीचशी भरपाई होते, ही त्यांची मांडणी योजनेच्या मुळाशी होती.

महसूल आणि तूट

२०१४ च्या आर्थिक वर्षात राज्याच्या सर्वसाधारण निधीतील महसूल सुमारे ६९ कोटी डॉलरने घटला. आधीच्या वर्षअखेरीस जवळपास ७० कोटी डॉलर असलेली गंगाजळी दोन वर्षांत जवळजवळ आटली. मूडीज आणि स्टँडर्ड अँड पूअर्स या दोन्ही संस्थांनी २०१४ मध्ये राज्याचे पतमानांकन खाली आणले.

येथे तुटीचा अर्थ नीट पाहावा लागतो. संघीय सरकार कर्ज काढून तूट पुढे ढकलू शकते. कॅन्सससारख्या राज्याला दैनंदिन खर्चासाठी तसे करता येत नाही, अंदाजपत्रक जुळवावेच लागते. त्यामुळे करकपातीची तूट हिशेबात तूट म्हणून फारशी दिसली नाही. महामार्ग निधीतील पैसे वळवणे आणि निवृत्तिवेतन निधीतील भरणा लांबवणे अशा मार्गांनी ती झाकली गेली. २०१५ मध्ये विक्रीकर ६.१५ वरून ६.५ टक्के झाला आणि सिगारेटच्या पाकिटावरील कर ७९ सेंटवरून १ डॉलर २९ सेंट झाला. सिगारेटवरील करवाढ आरोग्यतज्ज्ञांना एरवी हवीच असते, पण येथे तिचे कारण रिकामी तिजोरी हे होते. तंबाखू कंपन्यांशी झालेल्या तडजोडीतून बालकल्याणासाठी येणाऱ्या रकमेचा काही भागही सर्वसाधारण निधीत वळवण्यात आला.

सार्वजनिक आरोग्यावरील परिणाम

मेडिकेड ही गरीब व अपंग व्यक्तींसाठीची आरोग्य योजना संघीय व राज्य सरकार मिळून चालवतात. कॅन्ससमध्ये त्या काळी दर डॉलरमागे सुमारे ५६ सेंट संघीय सरकारकडून येत. म्हणजे राज्याने आपले ४४ सेंट वाचवले, तर आरोग्यसेवेतून संपूर्ण एक डॉलर जाई. तरीही २०१६ मध्ये महसूल पुन्हा अपुरा पडल्यावर राज्याने मेडिकेडखाली डॉक्टर व रुग्णालयांना मिळणारा मोबदला ४ टक्क्यांनी कमी केला. अशी कपात रुग्णाची पात्रता काढून घेत नाही. मात्र कमी मोबदल्यात मेडिकेडचे रुग्ण घेण्यास सेवादाते नाखूश होतात. पुढील वर्षी विधिमंडळाने ही कपात मागे घेतली.

ऑसावाटोमी येथील राज्य मनोरुग्णालयात कर्मचाऱ्यांची टंचाई होती. सुरक्षिततेतील त्रुटींमुळे डिसेंबर २०१५ मध्ये त्याची संघीय मान्यता गेली आणि तीसोबत संघीय निधीही थांबला.

आरोग्यक्षेत्रातील प्रत्येक अडचण करकपातीच्या माथी मारता येत नाही. मेडिकेडचा विस्तार नाकारण्यामागे ओबामांच्या आरोग्य कायद्याला असलेला वैचारिक विरोधही होता. विस्तारित लाभार्थ्यांचा खर्च २०१६ अखेरपर्यंत संपूर्णपणे संघीय सरकार उचलणार होते. तेव्हा पैशाची अडचण हे त्याचे एकमेव कारण असू शकत नाही. मार्च २०१७ मध्ये विधिमंडळाने संमत केलेले विस्तार विधेयक ब्राउनबॅक यांनी नकाराधिकार वापरून रोखले. तो नकाराधिकार उलटवण्यास प्रतिनिधिगृहात तीन मते कमी पडली.

मूल्यमापन व निरसन

समर्थकांच्या मते तेल व शेतमालाच्या घसरलेल्या किमतींनी राज्याला फटका दिला आणि करांच्या प्रमाणात खर्च घटवला गेला नाही. किमतींचा मुद्दा निराधार नाही. तथापि अपेक्षित रोजगारवाढ झाली नाही. कॅन्ससचा रोजगारवाढीचा वेग राष्ट्रीय सरासरीच्या मागेच राहिला.

मार्च २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांना दिला जाणारा निधी घटनेच्या निकषांवर अपुरा ठरवला, तेव्हा तिजोरीवरील ताण आणखी वाढला. ६ जून २०१७ रोजी रिपब्लिकन बहुमताच्या दोन्ही सभागृहांनी ब्राउनबॅक यांचा नकाराधिकार उलटवून व्यावसायिक नफ्यावरील माफी रद्द केली व दर वाढवले. दोन वर्षांत सुमारे १२० कोटी डॉलर अधिक महसूल मिळण्याचा अंदाज होता.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संघीय पातळीवर मोठ्या करकपातीचा कायदा झाला. त्यामुळे २०१८ ते २०२८ या काळात तूट सुमारे १.९ लाख कोटी डॉलरने वाढेल, असा अंदाज काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाने एप्रिल २०१८ मध्ये वर्तवला. संघीय सरकारवर अंदाजपत्रक जुळवण्याचे बंधन नसल्याने तेथे हा भार कर्जाच्या रूपाने साचत गेला.