मेंढी दिसली की पट्टा धरा, गाय धावून आली की सोडा: इंग्लंडच्या डोंगरात कुत्र्यासोबत फिरताना नेमकं काय पाळायचं?

जुलै 2020 मधली गोष्ट. इंग्लंडमधलं सर्वांत उंच शिखर स्कॅफेल पाइक. डेझी नावाची सेंट बर्नार्ड जातीची कुत्री मालकांसोबत वरपर्यंत गेली, पण उतरताना वाटेतच बसली. मागचे पाय दुखायला लागले होते आणि ती जागची हलायला तयार नव्हती. वजन तब्बल 55 किलो, म्हणजे उचलून घेणं शक्यच नव्हतं.

शेवटी वास्डेल माउंटन रेस्क्यू टीमचे 16 स्वयंसेवक आले. वेदनाशामक दिलं, खाऊ दाखवत तिला स्ट्रेचरवर बसवलं आणि जवळपास पाच तास खपून तिला खाली आणलं. बर्फात अडकलेल्या माणसांना वाचवणारी म्हणून जी जात जगभर ओळखली जाते, तिलाच माणसांनी खांद्यावरून आणलं, त्यामुळे या बातमीचं तेव्हा भरपूर कौतुक झालं.

स्कॅफेल पाइकची उंची आहे 978 मीटर. आपलं कळसूबाई 1646 मीटर. त्यामुळे 'एवढंसं तर आहे' असं वाटू शकतं. पण कळसूबाईची चढाई सुरू होते तेव्हाच आपण चांगल्या उंचीवर उभे असतो. वास्डेलचा पायथा मात्र समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही वर नाही. म्हणजे जवळपास सगळी उंची पायांनीच चढायची, आणि वरचा भाग नुसत्या दगडधोंड्यांचा. कुत्र्याच्या पंजांचा तिथे कस लागतो.

तरीही इंग्लंडमध्ये कुत्र्याला घेऊन डोंगरात जाणं ही अगदी रोजची बाब आहे. लेक डिस्ट्रिक्ट, पीक डिस्ट्रिक्ट, यॉर्कशायर डेल्स, कुठेही जा, वाटेवर कुत्रे भेटणारच. तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मंडळीही आता वीकेंडला कुत्रा घेऊन निघतात. त्यांच्यासाठी डेझीच्या गोष्टीपेक्षा महत्त्वाचा आहे तो हातातला पट्टा. कारण तो चुकीच्या वेळी सोडला तर कुत्र्याला गोळी लागू शकते, आणि चुकीच्या वेळी धरून ठेवला तर माणसाचा जीव जाऊ शकतो.

आधी समजून घ्या, जमीन कुणाची?

इंग्लंडमधले बहुतेक डोंगर आणि कुरणं खासगी मालकीची आहेत. त्यातून जाणाऱ्या ठरावीक पायवाटांवर चालण्याचा हक्क मात्र सगळ्यांना आहे. या वाटांना 'पब्लिक फुटपाथ' म्हणतात. (आपल्या डोळ्यांसमोर येतो तो फेरीवाल्यांचा फुटपाथ नव्हे, ही शेतातून जाणारी मातीची वाट असते.) कुत्रा सोबत नेता येतो. या वाटांवर पट्टा बांधलाच पाहिजे असा सरसकट कायदा नाही, पण कुत्रा तुमच्या ताब्यात हवा आणि वाट सोडून शेतात शिरायला नको.

दुसरा प्रकार म्हणजे मोकळी जमीन. डोंगरमाथे आणि माळरानं लोकांना खुली व्हावीत म्हणून 24 एप्रिल 1932 ला शेकडो लोक पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउट डोंगरावर बंदी मोडून चढले होते. काहींना तुरुंगवास झाला. तो हक्क पूर्णपणे कायद्यात यायला पुढे सन 2000 उजाडलं. आता अशा जमिनीवर वाट सोडूनही फिरता येतं, पण कुत्र्यासाठी अट कडक आहे: 1 मार्च ते 31 जुलै या काळात दोन मीटरपेक्षा लांब नसलेला पट्टा बांधलेलाच हवा. आणि आसपास गुरं-मेंढ्या असतील तर वर्षभर. बटण दाबलं की लांबत जाणारा पट्टा इथे चालत नाही.

मार्च ते जुलैच का? कारण तेव्हा कर्ल्यू, आपल्या टिटवीच्या कुळातला लॅपविंग, चंडोलाच्या कुळातला स्कायलार्क असे पक्षी थेट जमिनीवर अंडी घालतात. कुत्रा नुसता गवतात हुंदडला तरी पक्षी घरटं सोडून उडतो आणि अंडी गार पडतात.

काही ठिकाणी तर कुत्र्याला प्रवेशच नसतो. ग्राउज पक्ष्याच्या शिकारीसाठी राखलेल्या माळांवर मालक पाच वर्षांपर्यंत कुत्र्यांना बंदी घालू शकतो. फाटकावरची पाटी वाचल्याशिवाय आत जाऊ नका.

मेंढ्यांचं एवढं काय?

खरी मेख इथे आहे. 'माझा कुत्रा चावत नाही हो, फक्त खेळतो' हे वाक्य इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांनी इतक्या वेळा ऐकलंय की त्यांना त्याचाच राग येतो.

कुत्र्याने चावा घ्यायची गरजच नसते. वसंत ऋतूच्या सुरुवातीला मेंढ्या गाभण असतात. मागे कुत्रा लागला की घाबरून धावतात, आणि त्या धावपळीत गर्भपात होऊ शकतो. कोकरं आईपासून तुटतात, भिंतीपाशी एकमेकांवर चढून गुदमरतात. कुत्रा घरी जाऊन झोपतो, नुकसान शेतकऱ्याला दुसऱ्या दिवशी दिसतं.

लेक डिस्ट्रिक्टमध्ये आणखी एक गोष्ट आहे. तिथल्या हर्डविक मेंढ्या उंच डोंगरावर कुंपणाशिवाय चरतात. आपला चरण्याचा पट्टा कुठला हे कोकरू आईच्या मागे फिरून शिकतं आणि पुढे आपल्या पिल्लांना शिकवतं. पिढ्यान् पिढ्या हे ज्ञान कळपातच राहतं. 2001 मध्ये लाळ्या-खुरकताच्या साथीत असे कळप मारावे लागले, तेव्हा भीती फक्त मेंढ्या जाण्याची नव्हती. बाजारातून नवीन मेंढ्या आणता येतात, पण त्यांना डोंगर माहीत नसतो.

म्हणून कायदाही तसाच आहे. 1953 च्या कायद्यानुसार मेंढ्यांच्या मागे धावणं हाच गुन्हा आहे. इतकंच नाही, तर मेंढ्या असलेल्या शेतात कुत्रा मोकळा आणि ताब्याबाहेर असणं हेसुद्धा त्यात मोडतं. गुन्हा मालकावर लागतो. आणि 1971 च्या कायद्यानुसार, कुत्रा मेंढ्यांवर धावतोय आणि त्याला थांबवायचा दुसरा मार्ग नाही अशा स्थितीत शेतकऱ्याने गोळी घातली, तर भरपाईच्या दाव्यात त्याला बचाव मिळतो. 48 तासांत पोलिसांना कळवलं की झालं.

मग गाईंच्या वेळी उलटं का?

आपल्याला गाय म्हटलं की रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेली आठवते. इंग्लंडमधल्या कुरणातली, वासरू सोबत असलेली गाय वेगळी. तिच्या नजरेत कुत्रा म्हणजे लांडगाच. ब्रिटनचे माजी गृहमंत्री डेव्हिड ब्लंकेट अंध आहेत. जून 2009 मध्ये, नेमक्या वाढदिवशी, ते आपल्या मार्गदर्शक कुत्रीसोबत पीक डिस्ट्रिक्टमध्ये फिरत असताना गाईने हल्ला केला आणि त्यांची बरगडी मोडली. अशा हल्ल्यांत माणसं दगावलीही आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांसोबत कुत्रा होता.

एरवी गाईंच्या कळपाजवळून जाताना पट्टा आखूड धरायचा, लांबून वळसा घालायचा, गाय आणि वासराच्या मधून कधीच जायचं नाही. पण गाय अंगावर धावून आलीच, तर पट्टा सोडून द्यायचा. तिला तुमच्याशी घेणंदेणं नसतं. कुत्रा तिच्यापेक्षा वेगाने पळून निसटतो, तुम्ही नाही. कुत्र्याला उचलून घेणं ही तर सर्वांत धोकादायक चूक. प्रेमापोटी लोक नेमकं तेच करतात.

बाकीच्या लहान, पण नडणाऱ्या गोष्टी

शी उचलायचीच, डोंगरातसुद्धा. कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परजीवी कुरणात पसरतो आणि त्याने गाईंचे गर्भपात होतात. पिशवी भरून झाडाला टांगून जाणारे लोक तिकडेही आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

नेच्याच्या झुडपांतून आलात की गोचिडी तपासा, कुत्र्याच्या आणि स्वतःच्याही. त्यांच्यामुळे लाइम हा आजार होतो. उन्हात पहुडलेला अॅडर हा ब्रिटनमधला एकमेव विषारी साप, आणि त्याला हुंगायला जाणारे बहुतेक कुत्रेच असतात.

दगडी भिंती ओलांडायला जागोजागी पायऱ्या असतात, त्यांना 'स्टाइल' म्हणतात. लहान कुत्र्याला तुम्ही उचलून पलीकडे ठेवाल, लॅब्राडोरचं काय? निघण्याआधी त्या वाटेवर किती स्टाइल आहेत ते बघा. पहिल्यांदाच जाणार असाल तर स्कॅफेल पाइकऐवजी केझिकजवळचं 451 मीटरचं कॅटबेल्स बरं, अर्थात तिथेही माथ्याजवळ हात टेकून चढावं लागतं.

सार्वजनिक ठिकाणी कुत्र्याच्या गळपट्ट्यावर मालकाचं नाव-पत्ता असणं सक्तीचं आहे, मायक्रोचिपही. रेल्वेत एका प्रवाशाला दोन कुत्रे मोफत नेता येतात. आणि भारतातून स्वतःचा कुत्रा न्यायचा विचार असेल तर घाई करू नका: मायक्रोचिप, रेबीजची लस, त्यानंतर किमान 30 दिवसांनी रक्ताची तपासणी आणि रक्त दिल्यापासून तीन महिने थांबणं, एवढं सगळं करावं लागतं.

वर अडकलात तर 999 ला फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. फोनला रेंज नसेल तर मिनिटात सहा वेळा शिट्टी, एक मिनिट थांबून पुन्हा सहा. या टीम स्वयंसेवकांच्या असतात आणि पैसे घेत नाहीत.