मादाम क्यूरी यांच्या प्रयोगवह्या व त्यांची साक्ष

वाळवी, कसर व ओल यांपासून जुन्या कागदांस कसें जपावें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु ज्या कागदांपासून वाचणारानेंच स्वतःस जपावें, असें दप्तर फारच थोड्यांच्या पाहण्यांत आलें असेल. पॅरिस येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत असें एक दप्तर आहे. तें मारी क्यूरी व त्यांचे पति पिएर क्यूरी यांच्या प्रयोगवह्यांचें होय. या वह्यांस रेडियमचा संसर्ग झालेला असल्यामुळें त्या शिशाचें अस्तर असलेल्या पेट्यांत ठेवितात. रेडियमची शक्ति निम्मी होण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात. तेव्हां हें जपणें एकदोन पिढ्यांचें नव्हे.

या वह्यांचा विचार करण्याचें कारण मात्र निराळें आहे. मारीबाईंविषयीं दोन प्रकारच्या बखरी प्रचलित झाल्या. बुद्धि पतीची व हात पत्नीचे, अशी एक. दुसरींत गळक्या शेडींतील कष्टांचें वर्णन इतकें दाट, कीं त्यांत बाईंचा विचार कोणता हें शोधूनहि सांपडत नाहीं. बखरींचा वाद अस्सल कागदानें तोडावा, ही आमची रीत आहे. येथें तसे कागद उपलब्ध आहेत, त्यांवर तारखा आहेत, आणि त्यांतील दोन हस्ताक्षरें वेगळीं ओळखतां येतात. त्यांची कन्या इरेन यांनीं या वह्यांचा अभ्यास करून तो प्रसिद्धहि केला.

मारीबाईंचा जन्म ता. ७ नोव्हेंबर १८६७ रोजीं वॉर्सा येथें झाला. पोलंडचा तो भाग तेव्हां रशियाच्या अमलाखालीं होता व तेथील विद्यापीठांत स्त्रियांस प्रवेश नव्हता. परघरीं राहून मुलांस शिकविण्याचें काम त्यांनीं कांहीं वर्षें केलें आणि १८९१ सालीं त्या पॅरिसला गेल्या. १८९३ सालीं पदार्थविज्ञानाची व १८९४ सालीं गणिताची पदवी त्यांनीं मिळविली. १८९५ सालीं पिएर यांच्याशीं विवाह झाला. सप्टेंबर १८९७ मध्यें इरेनचा जन्म झाला, आणि त्यानंतर तीनच महिन्यांनीं, ता. १६ डिसेंबर १८९७ रोजीं, पहिल्या वहीस प्रारंभ झाला.

युरेनियमच्या क्षारांतून एक प्रकारचे किरण आपोआप बाहेर पडतात, हें बेकरेल यांनीं १८९६ सालींच दाखविलें होतें. या किरणांमुळें हवा विद्युद्वाहक बनते. तींतून वाहणारा अतिसूक्ष्म प्रवाह मोजण्यास योग्य असें क्वार्ट्झचें उपकरण पिएर व त्यांचे बंधु झाक यांनीं पूर्वींच सिद्ध केलें होतें. डॉक्टरेटच्या प्रबंधासाठीं मारीबाईंनीं हेंच मोजमाप हातीं घेतलें. उपकरण पतीचें, हें त्यांनीं कधींहि लपविलें नाहीं. प्रश्न मात्र त्यांचा होता. ता. ६ फेब्रुवारी १८९८ च्या नोंदींत तपमान सव्वासहा अंश दिलें असून त्यापुढें उद्गारचिन्हांची ओळ आहे. त्या खोलींतील गारठ्याची एवढीच तक्रार वहींत आढळते.

ता. १७ फेब्रुवारी रोजीं त्यांनीं पिचब्लेंड नांवाचें युरेनियमचें काळें खनिज तपासलें. अपेक्षा अशी, कीं खनिजांत युरेनियमबरोबर इतर द्रव्यें असल्यानें त्याची शक्ति शुद्ध धातूहून कमी भरावी. ती उलट अधिक भरली. एका नमुन्याची तर तिपटीहून अधिक. चाल्कोलाइट हें तांबें व युरेनियम यांचें खनिजहि तसेंच प्रबळ निघालें. येथें त्यांनीं जी युक्ति योजिली ती संशोधकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. शुद्ध द्रव्यांपासून तेंच चाल्कोलाइट त्यांनीं प्रयोगशाळेंत बनविलें व मोजलें. या कृत्रिम खनिजाची शक्ति युरेनियमच्या इतर क्षारांहून अधिक नव्हती. अर्थात् खाणींतील खनिजांत कांहीं तरी अज्ञात असें अधिक असलेंच पाहिजे. अस्सल व नक्कल शेजारीं ठेवून केलेलें हें अनुमान आहे.

ता. १२ एप्रिल १८९८ रोजीं हें टिपण फ्रेंच विज्ञान अकादमीपुढें गाब्रिएल लिपमान यांनीं ठेविलें. त्यावर कर्त्याचें नांव एकट्या मारीबाईंचें आहे, आणि या खनिजांत युरेनियमहून फार प्रबळ असें मूलद्रव्य असावें, हा तर्क त्यांतच आला आहे. हा छापील, तारीखवार पुरावा आमच्या मतें निर्णायक आहे.

यापुढें पिएर यांनीं आपलें काम बाजूस ठेवून या शोधांत भाग घेतला, आणि वहींत दोन्ही हस्ताक्षरें एकमेकांत मिसळलीं. ता. १३ जुलै रोजीं ‘पीओ’ हीं दोन रोमन अक्षरें प्रथम येतात. तीं पिएर यांच्या हातचीं आहेत. पांच दिवसांनीं, ता. १८ जुलै रोजीं, दोघांच्या नांवें पोलोनियमची वार्ता अकादमीस कळविली गेली. तें नांव मारीबाईंच्या देशावरून दिलेलें होतें, आणि युरोपच्या नकाशावर तो देश तेव्हां स्वतंत्र राज्य म्हणून उरला नव्हता. ता. २६ डिसेंबर रोजीं गुस्ताव्ह बेमाँ यांच्यासह रेडियमची वार्ता दिली गेली. या काळांतील श्रेयाची वांटणी करूं पाहणें आम्हांस अयोग्य वाटतें. कागदच तिला नकार देतात.

पुढें रेडियम शुद्ध करण्याचें रसायनकर्म मुख्यतः मारीबाईंचें. बोहेमियांतील योआखिमस्थाल येथून आणविलेल्या पिचब्लेंडच्या टाकाऊ गाळापासून त्यांनीं रेडियम क्लोराइड वेगळें काढलें, व १९०२ सालीं सुमारें एक दशांश ग्रॅमवरून परमाणुभार २२५ ठरविला. आज तो २२६ मानितात.

इतकें असूनहि १९०३ च्या नोबेल पारितोषिकासाठीं अकादमीच्या सभासदांनीं जी शिफारस पाठविली, तींत बेकरेल व पिएर हींच नांवें होतीं. स्वीडनच्या मिटाग-लेफ्लर यांनीं हें पिएर यांस कळविलें. तेव्हां पिएर यांनीं उत्तरीं लिहून पत्नीचाहि विचार व्हावा असें सुचविलें, आणि पारितोषिक तिघांत वांटलें गेलें. बखरकारांनीं पतीच्या पदरीं घातलेलें श्रेय पतीनेंच असें परत केलें होतें.

ता. १९ एप्रिल १९०६ रोजीं पिएर गाडीखालीं सांपडून वारले. त्याच वर्षीं लॉर्ड केल्व्हिन यांनीं रेडियम हें मूलद्रव्यच नव्हे, अशी शंका जाहीरपणें काढिली. मारीबाईंनीं वाद न घालतां १९१० सालीं आंद्रे दबिएर्न यांच्या साहाय्यानें रेडियम धातुरूपांत वेगळा केला. जानेवारी १९११ मध्यें अकादमीनें त्यांस सभासदत्व नाकारलें. त्याच वर्षाअखेर रसायनाचें नोबेल पारितोषिक त्यांस एकटीस मिळालें. त्या प्रसंगींच्या व्याख्यानांत आपलें काम कोणतें व दोघांचें कोणतें, हें त्यांनीं नीट वेगळें करून सांगितलें, आणि पिएर यांच्या स्मृतीस न्यून येऊं दिलें नाहीं. तें व्याख्यान वरील वह्यांशीं जुळतें, हेंच त्याच्या सत्यतेचें प्रमाण होय.

ता. ४ जुलै १९३४ रोजीं मारीबाईंचें रक्तक्षयाच्या विकारानें निधन झालें; दीर्घकाळच्या किरणांच्या सान्निध्याचा तो परिणाम मानितात. १९९५ सालीं पॅरिसच्या पाँतेआँत त्यांच्या अस्थि नेण्यांत आल्या. स्वतःच्या कर्तृत्वावर तेथें विसावणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. शिलालेखास व ताम्रपटास लेखकाच्या हाताचा स्पर्श राहत नाहीं. या वह्यांस तो राहिला आहे, व पेटी उघडतांच आजहि यंत्रास जाणवतो. काम कोणीं केलें व त्याचें मोल कोणीं दिलें, या दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकाच कागदावर आहे.