डाउनरिगरवरील तंगुसाचा गुंता

डाउनरिगर म्हणजे चालत्या बोटीमागून ओढले जाणारे आमिष हव्या त्या खोलीवर नेऊन तेथेच राखणारे साधन. बोटीच्या काठावर बसवलेली चकरी, पाण्यावर पुढे आलेला दांडा, त्यावरून खाली जाणारी पोलादी तार, तारेच्या टोकाला साधारण चार ते साडेपाच किलोंचा गोळा आणि गोळ्यापाशी तंगूस धरणारा चिमटा, एवढे त्याचे भाग. (गळाच्या नायलॉन दोरीला कोकणात तंगूस म्हणतात, तोच शब्द येथे वापरला आहे.) मासा लागला की तंगूस चिमट्यातून सुटतो आणि पुढची झुंज गोळ्याच्या ओझ्याविना, केवळ काठीवर होते. म्हणजे एका गळासाठी पाण्यात तार आणि तंगूस अशा दोन दोऱ्या जातात. गुंत्याचे मूळ तेथे आहे.

हे साधन खऱ्या अर्थाने रुजले ते उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्समध्ये, विशेषतः मिशिगन सरोवरात. एलवाइफ या उपऱ्या माशाने ही सरोवरे व्यापली होती. त्यावर उपाय म्हणून मत्स्यशास्त्रज्ञ हॉवर्ड टॅनर आणि वेन टोडी यांच्या पुढाकाराने मिशिगन राज्याने 1966 च्या वसंतात पॅसिफिककडचा, एलवाइफ खाणारा कोहो सामन मिशिगन सरोवराला मिळणाऱ्या नद्यांत सोडला; पुढच्या वर्षी चिनूक सामन सोडला. हे मासे उन्हाळ्यात वरचे कोमट पाणी सोडून खालच्या गार थरात उतरतात. तो थर अचूक गाठायचा तर डाउनरिगरसारखे साधन हवे. मिशिगनमध्ये एका माणसाला तीन गळ लावता येतात, तेव्हा तिघे जण बसलेल्या बोटीमागे नऊ गळ असू शकतात. अशा बोटीवर गुंता टाळणे हे मासा पकडण्याइतकेच मोठे कसब ठरते.

बोट सरळ रेषेत, एका वेगाने जात असताना सहसा काही बिघडत नाही. बिघडते ते काहीतरी बदलताना: गळ उतरवताना, वळताना, वेग कमी करताना, मासा ओढताना. त्यातही नवखा माणूस उतरवतानाच सर्वांत जास्त गुंते करतो. योग्य रीत अशी: बोट चालू ठेवून आधी आमिष मागे सोडायचे, ते नीट पोहते आहे हे काठालगत डोळ्यांनी पाहायचे, मग तंगूस चिमट्यात अडकवायचा आणि गोळा सावकाश खाली न्यायचा. या वेळी रिळाचा ब्रेक ढिला हवा, पण अंगठा रिळावर हवा. गोळा धाडकन सोडला तर आमिष मागे ताणून राहत नाही. ते घसरत खाली येते आणि गळाचे आकडे स्वतःच्याच तंगुसाला किंवा तारेला धरतात. वर काठी शांत दिसते आणि खाली तासभर गुंडाळीच ओढली जाते. गोळा जागेवर पोहोचला की तंगुसाचे सुटलेले पोट रिळावर गुंडाळून काठीचे टोक चांगले वाकेपर्यंत ताण द्यावा. ढिले पोट प्रवाहाने मागे फुगते आणि तारेला वेढे घेते.

तीस मीटर तार सोडली म्हणजे गोळा तीस मीटरवर असतो, असे नाही. पाण्याच्या रेट्याने तो मागे जातो आणि वर उचलला जातो. रेटा साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; वेग दीडपट केला तर तो सव्वादोन पट होतो. हलका गोळा जास्त मागे जातो, जड कमी. म्हणून शेजारशेजारच्या दोन तारांना वेगळ्या वजनाचे गोळे लावताना विचार करावा. नाहीतर चकरीवरच्या मोजणीत दूर दिसणारे गोळे खाली एकमेकांना भिडतात. त्यात मिशिगन सरोवरात खालचा प्रवाह वरच्यापेक्षा वेगळ्या दिशेने वाहताना आढळतो. तारा सगळ्या एका बाजूला कलल्या दिसल्या तर बोटीची दिशा बदलावी.

मांडणीचा रूढ आणि भरवशाचा नियम असा की बोटीच्या मागच्या टोकाचे गळ खोल व गोळ्याजवळ ठेवावे आणि बाजूच्या लांब दांड्यांवरचे गळ उथळ व गोळ्यापासून बरेच मागे सोडावे. त्यामुळे वळताना बाहेरचे गळ आतल्यांच्या वरून निघून जातात. वळण मात्र रुंदच घ्यावे. वळताना आतल्या बाजूचा गोळा मंदावून खाली बसतो, बाहेरचा वेगाने वर येतो. वळण आखूड असेल तर आतली तार बोटीखाली शिरून पंख्यापर्यंत पोहोचू शकते. तसे घडल्यास इंजिन ताबडतोब न्यूट्रल करून बंद करावे.

फिरणाऱ्या चमचाकृती आमिषांमुळे तंगुसाला पीळ पडतो आणि ताण सैल होताच त्याचे फासे होतात. त्यावर स्वस्तातले साधे स्विव्हल (फिरती जोडकडी) चालत नाही, बॉल-बेअरिंगचेच हवे. पीळ पडलाच तर आमिष काढून नुसता तंगूस चालत्या बोटीमागे सोडावा, तो आपोआप उलगडतो. दुसरा छुपा शत्रू म्हणजे लहान मासा. त्याच्या ओढीने चिमटा सुटत नाही. मासा नुसता फरफटत जातो आणि शेजारच्या दोऱ्यांत शिरतो. काठीचे टोक बारीक थरथरताना दिसले की गळ वर घेऊन पाहावा. तिसरा शत्रू काटेरी शेपटीचा जलपिसू, म्हणजे बायथोट्रेफीस, हा ग्रेट लेक्समध्ये बाहेरून आलेला इवलासा प्राणी. तो तंगुसावर कापसाच्या बोळ्यासारखा साचतो आणि काठीच्या कड्यांत अडकतो. जाड तंगुसावर तो कमी धरतो.

मोठा मासा लागल्यावर बोट थांबवण्याचा मोह होतो, तो आवरावा. बोट थांबली की उरलेली आमिषे तारांवर कोसळतात. वेग थोडा कमी करावा, पण बोट चालतीच ठेवावी आणि माशाच्या वाटेतल्या तारा आधी वर घ्याव्या. ताणलेल्या तारेला उघड्या हाताने कधीही धरू नये. तार तोडण्याची कात्री हाताशी असावी, डब्याच्या तळाशी नव्हे.

गुंता पाच-दहा मिनिटांत सुटला नाही तर तो कापणेच शहाणपणाचे, कारण तेवढ्या वेळात बाकीचे गळही बिघडतात. कापलेला तंगूस मात्र पाण्यात टाकू नका. नायलॉन वर्षानुवर्षे कुजत नाही आणि पाणपक्ष्यांच्या पायांना, पंखांना वेढे घालतो. तो गोळा करून किनाऱ्यावर परत आणा.