वय न होणारी वस्तू : घातांकी वितरणाची ओळख कशी पटली

मागच्या भागात आपण पॉयसन वितरण पाहिलं. ठरावीक वेळात घटना किती घडतात, हा तिथला प्रश्न होता. आज तोच प्रश्न फिरवून विचारू: पुढची घटना घडेपर्यंत वेळ किती जातो? इथे घातांकी वितरण, म्हणजे एक्स्पोनेन्शियल डिस्ट्रिब्यूशन, भेटतं. त्याचं सूत्र कुठल्याही पुस्तकात सापडेल. आपल्याला आज पाहायचंय ते हे की, हे वितरण ओळखायचं कशावरून, आणि ती ओळख पटल्याने काय साधलं.

सुरुवात माँट्रियलमध्ये होते. १९०२-०३ च्या सुमारास मॅकगिल विद्यापीठात रदरफर्ड आणि सॉडी थोरियमवर प्रयोग करत होते. थोरियम-एक्स या पदार्थाचा किरणोत्सर्ग साधारण चार दिवसांत निम्मा होई, पुढच्या चार दिवसांत उरलेल्याचा निम्मा. वक्र हाती आला. त्याचा अर्थ संभाव्यतेच्या भाषेत मांडला तो १९०५ मध्ये एगॉन फॉन श्वाइडलर या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञाने. अणू पुढच्या क्षणी फुटण्याची शक्यता त्याच्या वयावर अवलंबून नाही, एवढंच गृहीत धरा. तो वक्र आपोआप मिळतो. अणू म्हातारा होत नाही!

आता उलट बाजूने पाहू. वय न होण्याचा हा गुण दुसऱ्या कुठल्या वितरणात असू शकेल का? समजा, दहा तास टिकलेली वस्तू आणखी पाच तास टिकण्याची शक्यता नव्या वस्तूइतकीच आहे. मग पंधरा तास टिकण्याची शक्यता म्हणजे दहा तासांची गुणिले पाच तासांची. वेळांची बेरीज, शक्यतांचा गुणाकार. हे समीकरण कोशी यांनी १८२१ च्या आपल्या पुस्तकात सोडवून ठेवलं होतं, आणि तेही संभाव्यतेचा विचार मनात नसताना. सलग फलनांत त्याचं उत्तर घातांकीच येतं. म्हणजे काळ सलग मोजायचा असेल, तर 'स्मृती नसलेलं' वितरण हे एकच. अशा प्रमेयाला आपण लक्षणनिश्चिती म्हणू: एक गुण सांगितला की वितरण ठरलंच.

इथे आपल्या ओळखीचं एक नाव येतं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले, फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. पोषण आणि भूक यांवरच्या कामामुळे ते आपल्याला माहीत असतात. पण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकल्यानंतर १९३७ मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ यूजेनिक्स'मध्ये त्यांचा एक छोटा लेख आला. विषय होता, दोन डिग्रीज ऑफ फ्रीडम असलेला काय-स्क्वेअर. म्हणजे वेगळ्या नावाने आपलं घातांकी वितरणच.

त्यातली मुख्य गोष्ट बल्बच्या उदाहरणाने बघू. सरासरी आयुष्य १००० तास असलेले पाच बल्ब एकदम लावले. पहिला बल्ब जाईपर्यंत सरासरी २०० तास, कारण पाच जण रांगेत आहेत. तो गेला, उरलेले चार पुन्हा नव्यासारखेच! म्हणून पुढचं अंतर सरासरी २५० तास, मग ३३३, मग ५००, शेवटी १०००. प्रत्येक अंतराला त्या वेळी चालू असलेल्या बल्बच्या संख्येने गुणा. मिळणाऱ्या पाचही संख्या परस्परांपासून स्वतंत्र, आणि सगळ्यांचं वितरण एकच. १९५३ मध्ये बुडापेस्टच्या आल्फ्रेड रेन्यी यांनी क्रमबद्ध निरीक्षणांचा सिद्धान्त याच पायावर उभा केला.

त्याच वर्षी अमेरिकेत एपस्टाइन आणि सोबेल यांनी याचा व्यवहारात उपयोग दाखवला. पाचही बल्ब जाईपर्यंत थांबायची गरज नाही. दुसरा गेला की चाचणी बंद करा, सगळे बल्ब मिळून जितके तास जळले ते मोजा, दोनने भागा. झाला सरासरीचा अंदाज. कारखान्यांच्या दृष्टीने ही केवढी मोठी बचत!

पण थांबा. ही बचत फुकटची नाही. दोन बल्ब जाताना पाहून आपण उरलेल्या तिघांबद्दल बोलतोय, ते 'जुनं म्हणजे नव्यासारखंच' या भरवशावर. लक्षणनिश्चिती आपल्याला बजावते की हा भरवसा घातांकी वितरणापासून सुटा करता येत नाही. सूत्र घेतलं की तो सोबत येतोच. बेअरिंग झिजतं, माणूस थकतो. तिथे हा हिशेब चुकणार. १९६१ मध्ये झेलेन आणि डॅनेमिलर यांनी दाखवून दिलं की आयुष्य घातांकी नसेल, तर या चाचण्यांचे निष्कर्ष फार बिघडू शकतात; वाईट मालही चांगला म्हणून पास होऊ शकतो.

म्हणून 'या वितरणाची ओळख काय?' हा प्रश्न नुसता गणिती हौसेचा नाही. कुठलंही सोपं सूत्र हातात घेताना आपण जगाबद्दल नेमकं काय कबूल करतोय, ते तो प्रश्न सांगतो. अणूबाबत ती कबुली खरी ठरली. बल्बबाबत ती आधी तपासावी लागते.

झिजणाऱ्या वस्तूंचं काय करायचं? त्यासाठी वायबुल यांचं वितरण आहे. ते पुढच्या भागात.