पक्ष्यांच्या विष्ठेवर चाललेले राज्य

राज्य चालवावयाचे तर प्रजेवर कर बसविलाच पाहिजे, हा सिद्धान्त सरकारी नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या आपल्यासारख्यांच्या हाडीमाशी खिळलेला असतो. दक्षिण अमेरिकेतील पेरूने गेल्याच्या मागील शतकात हा सिद्धान्त काही काळ जवळजवळ खोटा ठरविला.

पेरूच्या किनाऱ्यालगत समुद्रात थंड पाण्याचा प्रवाह वाहतो. त्यात मासळी अमाप. मासळीवर जगणारे पाणकावळ्यांच्या जातीचे पक्षीही अगणित. किनाऱ्यावर पाऊस पडतच नाही म्हटले तरी चालेल. त्यामुळे चिंचा बेटांवर या पक्ष्यांची विष्ठा धुऊन न जाता ठिकठिकाणी शंभर फुटांहून अधिक उंच साचली होती. हेच गुआनो खत. इंका राजांना त्याचे मोल ठाऊक होते. विणीच्या हंगामात बेटांवर पाऊल ठेवणाऱ्यास ते देहान्त शासन करीत, असे जुन्या बखरकाराने लिहून ठेविले आहे. १८०२ साली पेरूत आलेल्या हुम्बोल्टने त्याचा नमुना युरोपात नेला, आणि १८४० च्या सुमारास इंग्लंडातील शेतकऱ्यांकडून मागणी सुरू झाली.

गुआनो सरकारी मालकीचे ठरले. विक्रीचा मक्ता लंडनच्या अँटनी गिब्ज या पेढीकडे गेला. पेढीने माल विकावा, अडत घ्यावी आणि सरकारला लागेल तेव्हा व्याजाने उचल द्यावी, अशी ही व्यवस्था होती. सरकारला नेहमीच लागे! पुढे राज्याच्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग याच एका जिनसातून येऊ लागला. या बळावर रामोन कास्तिया याने १८५४ साली दोन मोठी कामे केली: मूळच्या इंडियन प्रजेवरील डोईपट्टी रद्द केली आणि गुलामगिरी संपविली. गुलामांच्या मालकांना भरपाई मिळाली, ती गुआनोच्या पैशातूनच. डोईपट्टी गेली हे न्याय्यच झाले. परंतु वसुलीस जाणारा अंमलदार डोंगरातील खेड्यांत जाईनासा झाला, तशी त्या खेड्यांची आठवणही लिमा शहरास फारशी राहिली नाही. जुलूम गेला, त्याबरोबर संबंधही तुटला. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील खरी हानी हीच होय.

पैसा कोठे गेला? स्वातंत्र्ययुद्धात आपले नुकसान झाले, असे दावे करणाऱ्यांना १८५० नंतर रोखे वाटण्यात आले. खोट्या कागदांचा सुकाळ झाला आणि देशांतर्गत कर्ज काही वर्षांत कित्येक पटींनी फुगले. बेटांवर कुदळ मारणारे मात्र निराळेच होते. १८४९ ते १८७४ या काळात सुमारे एक लाख चिनी मजूर करारावर पेरूत आणले गेले. बहुतेक उसाच्या व कापसाच्या मळ्यांत गेले. बेटांवर जे गेले, त्यांच्या नाकातोंडात अमोनियाची धूळ जाई, पाठीवर चाबूक बसे, आणि कित्येकांनी कड्यावरून समुद्रात उड्या घेतल्या. मॉरिशसला गेलेल्या आपल्या गिरमिट्यांची कहाणी ज्यांना माहीत आहे, त्यांना अधिक सांगावयास नको.

१८६४ साली स्पेनने ही बेटे बळकावली. १८६६ च्या मे महिन्यात कायाओ बंदरावरील लढाईनंतर स्पेनचे आरमार परतले. खरे संकट घरातच होते. १८६९ साली पॅरिसच्या द्रेफ्यूस पेढीशी वीस लाख टनांचा करार झाला आणि त्याच्या तारणावर प्रचंड कर्जे उभारली गेली. ऋण काढून सण साजरा करण्याची हौस आता आगगाडीपर्यंत पोहोचली. हेन्री मेग्ज या अमेरिकन कंत्राटदाराने आंदीज पर्वतात जवळजवळ पावणेपाच हजार मीटर उंचीवरून रूळ न्यावयास घेतले. पैसा आटला, काम थांबले. ला ओरोयास गाडी पोहोचली ती १८९३ साली. दरम्यान चिंचा बेटे खरवडून रिकामी झाली होती. १८७६ साली पेरूने कर्जाचे व्याज देणे थांबविले. १८७९ साली चिलीशी युद्ध जुंपले, आणि १८८३ च्या तहाने सोऱ्याने समृद्ध असा तारापाका प्रांतही गेला.

शेवटी सावकारांशी तडजोड झाली: सरकारी लोहमार्ग सहासष्ट वर्षांसाठी त्यांच्या कंपनीच्या स्वाधीन झाले, शिवाय उरल्यासुरल्या गुआनोतील मोठा वाटा. १९०९ साली सरकारने बेटांसाठी स्वतंत्र कंपनी काढली. पक्ष्यांना निवांतपणा मिळावा म्हणून पहारेकरी नेमले गेले आणि विणीच्या काळी बेटांवर उतरण्यास पुन्हा बंदी झाली.