आधी यंत्राची सोय, मग माणसाची

‘नथिंग टू कमिट, वर्किंग ट्री क्लीन.’ संध्याकाळी लॅपटॉप मिटण्याआधी पडद्यावर ही ओळ उमटली की प्रोग्रामरला हायसं वाटतं. नोंदवायचं काही राहिलेलं नाही, सगळं जागच्या जागी आहे. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनातल्या ‘गिट स्टेटस’ कमांडचं हे उत्तर. काही राहिलं असेल तर काय राहिलं, ते नोंदवायचं कसं, चुकून निवडलेली फाइल मागे घ्यायची कशी, हेही ती कंसातल्या ओळींत सांगते. ही समजूतदार भाषा तिला जन्मतः नव्हती.

गिटच्या आधीच्या पिढीत सीव्हीएसचं राज्य होतं. डिक ग्रून यांनी १९८६ मध्ये शेल स्क्रिप्टांच्या रूपात ते तयार केलं आणि १९८९ मध्ये ब्रायन बर्लिनर यांनी ते सी भाषेत नव्याने बांधलं. त्यातही ‘स्टेटस’ नावाची कमांड होती. पण ती दर फाइलमागे एक चौकट छापायची: फाइलचं नाव, स्थिती, इथली आवृत्ती, सर्व्हरवरची आवृत्ती, चिकटवलेला टॅग. ज्या फाइलला हातही लावला नाही तिचीही चौकट यायची. शंभर फाइलींच्या प्रकल्पात आपण बदललेल्या दोन फाइली त्या ढिगातून शोधायच्या म्हणजे डोळ्यांची परीक्षाच. म्हणून लोकांनी आडवाट काढली. ‘अपडेट’ या कमांडला ‘एन’ हा पर्याय जोडला की ती सगळं करून पाहते, पण डिस्कवर काहीच बदलत नाही. फक्त फाइलीच्या नावाआधी एक अक्षर छापते. बदललेल्या फाइलीला एम, दोन बदलांचा तंटा (कॉन्फ्लिक्ट) असेल तर सी, अनोळखी फाइलीला प्रश्नचिन्ह. स्वतःच्या कामाची स्थिती कळावी म्हणून दुसऱ्याच कमांडची रंगीत तालीम करायची, तीही दर वेळी सर्व्हरला विचारून.

२००४ मध्ये सीव्हीएसची जागा घेऊ पाहणाऱ्या सबव्हर्जनची पहिली पूर्ण आवृत्ती आली. तिने ती अक्षरं उचलली आणि सर्व्हरची फेरी वाचवली. प्रत्येक फाइलीची एक कोरी प्रत लपवलेल्या फोल्डरात ठेवली की तुलना घरच्या घरी होते. डिस्कवर जागा जास्त लागली, पण विचारणं फुकट झालं. आणि विचारणं फुकट झालं की माणूस वारंवार विचारतो. चांगल्या स्थितिसंदेशाची ही पहिली अट मला वाटते, शब्दांच्याही आधीची.

एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या मंडळींच्या हातून बिटकीपर हे साधन गेलं आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं. त्याच वर्षी गिटमध्ये स्टेटसची छोटी स्क्रिप्ट आली. कमिट करताना, म्हणजे बदल नोंदवताना, एडिटर उघडतो, त्यात आपल्या संदेशाखाली कोणत्या फाइली जाणार याची यादी असते. ती यादी कमिटमध्ये जाऊ नये म्हणून प्रत्येक ओळीआधी ‘#’ हे चिन्ह. स्टेटस तीच यादी जशीच्या तशी छापायची, चिन्हासकट. म्हणजे इथेही रंगीत तालीमच, फक्त अपडेटऐवजी कमिटची.

त्या यादीतला एक मथळा फार वर्षं टिकला: ‘चेंज्ड बट नॉट अपडेटेड’. बदललं, पण अद्ययावत नाही. नवख्याला यातून काय कळणार? फाइल तर त्याने आत्ताच बदलली आहे. तो ‘अपडेट’ गिटच्या पोटातला होता. पुढच्या कमिटचा मसुदा गिट ‘इंडेक्स’मध्ये ठेवतं, आणि त्यात फाइल घालणारी आतली कमांड होती ‘अपडेट-इंडेक्स’. संदेश लिहिणाऱ्याला यंत्र आतून दिसत होतं, म्हणून तो यंत्राच्या भाषेत बोलला. अशा संदेशांचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं. लिहिणारा निष्काळजी असतो असं नाही.

मग शब्द बदलायला एवढा उशीर का? कारण ते वाचणारी फक्त माणसं नव्हती. कित्येकांनी आपल्या टर्मिनलच्या प्रॉम्प्टमध्ये स्टेटसची शेवटची ओळ अक्षरशः ताडून पाहणारी स्क्रिप्ट बसवली होती. ती ओळ तेव्हा ‘नथिंग टू कमिट’च्या पुढे कंसात ‘वर्किंग डिरेक्टरी क्लीन’ अशी होती. कंसाच्या जागी स्वल्पविराम आला तरी प्रॉम्प्ट चुकायचा. पडद्यावरचं वाक्य नकळत करारनामा होऊन बसलं होतं.

ही गाठ सुटली ती फेब्रुवारी २०१० मध्ये, गिट १.७.० मध्ये. स्टेटस कमिटची तालीम राहिली नाही, स्वतंत्र कमांड झाली. आणि तिला ‘पोर्सलेन’ हा पर्याय मिळाला: स्क्रिप्टांसाठी आटोपशीर, ठरावीक साच्याचं उत्तर, जे पुढच्या आवृत्त्यांतही तसंच राहील असं वचन देऊन. माझ्या मते स्टेटसच्या कुळकथेतला सगळ्यात मोठा क्षण हाच. यंत्राला त्याचा वेगळा साचा मिळाला आणि माणसाशी माणसासारखं बोलायला वाट मोकळी झाली. नंतरच्या तारखा पाहा. वर्षभराच्या आत तो जुना मथळा जाऊन ‘चेंजेस नॉट स्टेज्ड फॉर कमिट’ आला. २०१२ च्या सुरुवातीला संदेशांचे इतर भाषांतले अनुवाद गिटसोबत येऊ लागले. आधी ते केले असते तर इंग्रजी ओळी ताडणाऱ्या साऱ्या स्क्रिप्टा कोलमडल्या असत्या.

त्याच वर्षी ग्रेनोबलच्या एन्सिमाग संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी, त्यांचे शिक्षक मात्यू म्वा यांच्या मार्गदर्शनाखाली, स्टेटसला मोठी देणगी दिली. दोन ब्रँचमधलं (कामाच्या शाखांतलं) काम जोडणारं रिबेस किंवा मर्ज अर्धवट अडकलं असेल तर स्टेटस आता ते स्पष्ट सांगू लागलं: तुम्ही रिबेसच्या मध्यावर आहात, कॉन्फ्लिक्ट सोडवा, मग ही कमांड द्या, माघार घ्यायची असेल तर ती. अडकलेल्या माणसाला फाइलींची यादी नको असते, आपण कुठे आहोत आणि बाहेर पडायचं कसं ते हवं असतं. २०१३ मध्ये म्वा यांनीच ओळींपुढचं ‘#’ काढलं. ज्यांना जुनं रूप हवं त्यांच्यासाठी एक सेटिंग मात्र राखून ठेवलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये गिट २.२३ आलं. तोवर बदल टाकून देण्यासाठी स्टेटस ‘चेकआउट’ सुचवायचं. ब्रँच बदलायचीही तीच कमांड, फाइलीतलं काम पुसायचीही तीच. आता ब्रँचसाठी ‘स्विच’ आणि फाइलींसाठी ‘रिस्टोर’ अशी फोड झाली आणि कंसातल्या सूचना त्याप्रमाणे बदलल्या. एक उणीव मात्र मला अजून खटकते. कमिटसाठी निवडलेली फाइल निवडीतून काढण्याची सूचना आणि केलेलं काम टाकून देण्याची सूचना या दोन्ही एकाच घाटाच्या, एकाच सुरातल्या आहेत. पहिलीने काही बिघडत नाही. दुसरीने पुसलेलं काम गिटला परत आणता येत नाही, कारण ते त्याच्याकडे कधी नोंदवलेलंच नव्हतं. ते सांगणारे चार शब्द त्या कंसात अजून आलेले नाहीत.